राजाच्या अडलेल्या पदाची बखर

श्री रंगदेवता समर्थ. पडद्याच्या दोरीस नमन, विंगेतल्या अंधारास नमन, आणि जो कोणी शेवटच्या रांगेत बसोन जांभई न देता ऐकेल त्यास साष्टांग नमन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, पौष मास, ते समयी "राजाला अंगरखा शिवायचा की झगा, एवढं एकदा कुणीतरी सांगा, म्हणजे मी सुटलो," ऐसे कुरकुरणे चारुशीलाबाईंचे कानाशी, मध्ये एक पडदा टाकोन, जाहले, आणि तेथोन या हकीकतीचा आरंभ. कुरकुरणारा तो चित्रशाळेचा विद्यार्थी पराशर, दातांत टाचण्या धरोन, मांडीवर काथ्याचे केसांचा टोप घेवोन बसला होता. त्यास दुसरा कोणी म्हणाला, "झगाच शीव की. आवाजाला शोभेल." मग पडद्याआड हशा जाहला, आणि हशा जाहला तो लगेच कोणी तोंडावर हात ठेविल्यासारखा बंदही जाहला. चारुशीलाबाई गायनशाळेच्या गुरू, वय पन्नाशीचे घरात, आवाज गोड परंतु स्वभाव भिडस्त. त्यांचे हातचा चहा जागीच गार जाहला. मग पडदा सारोन बाई इतकेच बोलल्या, "अंगरखा शीव, पराशर. आणि छातीत सैल ठेव. त्याला श्वास फार लागतो." पराशराने टाचणी गिळली की काय, ऐसे तोंड केले.

आता हे राज्य कोणते आणि त्याची हद्द कोठवर, हे लिहिण्याचे प्रयोजन नाही. एका टेकडीचे अंगाखांद्यावर तीन दौलती नांदत होत्या. गाणे शिकविणारी गायनशाळा, नाटक शिकविणारी नाट्यशाळा आणि रंगकुंचल्याची चित्रशाळा. तिहींमध्ये जुने वैर. कारण पुसाल तर सभागृह एक आणि त्याची किल्लीही एकच. ऐसे असतां वरिष्ठ सरकारांतून हुकूम आला की कलाशाळांनी एकमेकींचे तोंड पाहावे आणि मिळोन काही करोन दाखवावे. त्यावर नाट्यशाळेचे अधिपती गुणाजीराव मांजरेकर, जे नुकतेच फिरंगी मुलूख पाहोन आले होते, त्यांनी मनसुबा मांडला की आपण तीनशे वर्षांमागले ऑपेरा म्हणोन जे संगीत नाटक असते, ज्यात बोलणे कमी आणि गाणे फार, ते करावे. मग तह जाहला. गायनशाळेने गळे द्यावे, नाट्यशाळेने हातपाय द्यावे, आणि चित्रशाळेच्या सुनंदाबाई पाखरे यांनी वस्त्रे, टोप आणि एक ढग द्यावा. त्या ढगावर बसोन देवी आकाशांतून उतरावी. हार्पसिकॉर्ड नामे वाद्य राज्यात कोणाकडे नव्हते, म्हणोन विजेच्या पेटीचे पोटांतून त्याचा आवाज काढावा. आणि कथा ऐसी की राजा फिलार्गो याची राणी शत्रूने नेली आहे, राजा ओस महालात बसोन तिला हाका मारणारे एक मोठे पद गातो, आणि त्या हाका ऐकोन देवी ढगांतून येते. पद गेले तर देवी कशास येईल? एवढे सगळे त्या एका पदावर उभे होते.

राजाचे काम प्रथम एका मुलीकडे होते. कारण त्या देशी त्या काळी शूर पुरुषाने वरचे सप्तकांत गावे, जितका पराक्रम मोठा तितका सूर उंच, ऐसी चाल होती. परंतु मुलीस कावीळ जाहली आणि ती घरी गेली. त्या दिवशी तालमीत राजाची जागा रिकामी, पेटी वाजते आहे, सैनिक भाले धरोन उभे, आणि पुढल्यास इशारा मिळावा म्हणोन राजाची ओळ कोणी तरी म्हणावी, इतकेच काम. तेव्हां मागल्या रांगेतल्या एका सैनिकाने ती म्हटली. हा धैर्यशील ढेरंगे, कुस्तीचे वस्ताद हिंदुराव यांचा चिरंजीव, मूळचा तबला शिकावयास आलेला, देह असा की दारांतून आत येतां उजेड कमी व्हावा, आणि बोलण्याचा आवाज घागरीत बोलल्यासारखा. त्या देहांतून जो सूर निघाला तो पातळ नव्हे, चिरका नव्हे. भर दुपारी विहिरीवर वाकावे आणि आंतून गार वारा तोंडावर यावा, तैसा. पेटी थांबली. भाले खाली आले. विजेचा दिवा धरोन वर चढलेला मुलगा शिडीवरच राहिला. सर्वांचे मुखांत एकच शब्द आला, आणि सर्वांनी तो गिळला. गुणाजीराव खाकरले आणि म्हणाले, "आवाज... उंच आहे." सुनंदाबाई रंगांत विचार करणाऱ्या, त्या म्हणाल्या, "निळा आहे, निळा." चारुशीलाबाईंचे डोळ्यांस पाणी आले होते, तरी त्याही म्हणाल्या, "वरच्या सप्तकातला आहे." खुद्द धैर्यशील भाल्याच्या टोकाकडे पाहात म्हणाला, "सॉरी बाई. चुकून निघाला."

मग त्यास एकीकडे बसवोन बाईंनी पुसिले, "हे कुठे शिकलास?" तो म्हणाला, "शिकलो नाही. आई म्हशीची धार काढताना गाते, तसं." "मोठ्यानं गाते?" "म्हशीला ऐकू जाईल एवढं. आबांची चप्पल वाजली की थांबते." आणि मग म्हणाला, "आबांना नका सांगू." बाईंनी मान डोलाविली. तेथेच चूक जाहली. परंतु ती चूक तेव्हां दयेसारखी दिसत होती.

राजाचे काम त्यास दिले, आणि चारी दिशांस वार्ता गेली, ती वस्तादांचे कानीही गेली. मग एके दुपारी वस्ताद हिंदुराव स्वतः गायनशाळेत दाखल जाहले, मिशा ओल्या, पटका कडक, आणि मागोन त्यांचे कुटुंब, धैर्यशीलाच्या मातोश्री अक्काताई, डोईवर पदर, हाती लाडवांचा डबा. वस्ताद खुर्चीत बसले, खुर्चीने आवाज केला, आणि ते बोलले, "काय ओ बाई, पोरगं तबला शिकाय आलं आन् राजा कसं झालं?" बाई म्हणाल्या, "त्याचा आवाज सापडला, वस्ताद." "आवाज हाय त्याला. फडात हाक मारली तर वढ्याच्या पल्याड जातीया. खडा आवाजच लावतो न्हवं?" बाई म्हणाल्या, "अगदी... दूरवर जाणारा." वस्तादांस संतोष जाहला, तरी जाता जाता बोट वर करोन म्हणाले, "राजाचं काम हाय म्हणून ठिवतोय. नाच्याबिच्याचं काय निघालं, तर त्याच सांजेला ट्रंक उचलायची. तालीम हाय, डेअरी हाय, त्याला काय कमी न्हाई." बाई म्हणाल्या, "राजाचंच काम आहे." यांत अक्षरही खोटे नव्हते, आणि बाईंस रात्री जेवण गेले नाही. अक्काताई इतका वेळ डब्याचे झाकण घट्ट करीत बसल्या होत्या. निघतां निघतां त्यांनी हळूच पुसिले, "बाई, राजा गाणं म्हणतो ते कुणाला?" "राणीला. दूर नेलीय तिला. हाका मारतो." अक्काताई म्हणाल्या, "मग तिला ऐकू जाया पायजे," आणि पदर सावरोन गेल्या.

त्या दिवसापासोन तिन्ही दौलतींत तो शब्द वर्ज्य जाहला. कोणी हुकूम काढिला नव्हता, परंतु हुकुमाहून कडक पाळला. कोणी म्हणे शैली, कोणी म्हणे परंपरा, कोणी म्हणे तिकडचा बाज; आणि पराशराने अंगरखा शिवला तो ऐसा रुंद छातीचा आणि जरीपट्ट्यांचा की पाहणाराने मुळी विचारूच नये. ऐसे चालले असतां दुसरे संकट उभे राहिले. त्या फिरंगी पदांची रीत अशी की पहिला भाग गावा, मग मधला भाग, आणि मग मुळापासोन पहिला भाग पुन्हा, अधिक हरकती घेवोन. धैर्यशील मधला भाग संपवोन पहिल्यावर आला, तोच गुणाजीराव खुर्चीवरोन उठले आणि गर्जले, "थांबा! वन्समोर कुणी दिला?"

बाई म्हणाल्या, "कुणी नाही, सर. पद तसंच बांधलंय."

"न मागता पुन्हा म्हणायचं?"

"न मागता."

"अहो बाई, आमच्या रंगभूमीवर लोक मागायचे तेव्हा नट पुन्हा गायचा. न मागता जो गाईल त्याला घरी पाठवायचे. लोकांनी तोंडानं मागून दिलेला मान असतो तो!"

"तिकडे रचनाच तशी आहे, सर."

"आणि इकडे लाजच तशी आहे."

मसलती जाहल्या, चहा जाहले, पेटी वाजविणारा दोनदा रुसोन गेला. शेवटी गुणाजीरावांनी तोड काढली की मधला भाग संपतांच राजाने उगे राहावे, पेटीनेही उगे राहावे, आणि सभेंत आपली नाट्यशाळेची मुले पेरोन ठेवावी. त्यांनी "वन्समोर" म्हणोन ओरडावे, मग राजाने मुळापासोन गावे. मागितले नाही तर गाऊ नये. जो पदाचा अर्धा देह, तो लोकांच्या इच्छेवर टांगावा, हे चारुशीलाबाईंस मुळीच रुचले नाही. परंतु त्यांस मनांत भय ऐसे की आपण या गोष्टीवर हटून बसलो तर गुणाजीराव रागे भरतील, आणि रागाच्या भरांत तो दुसरा शब्द बाहेर पडेल. म्हणोन बाई "बरं" म्हणाल्या. एका शब्दास भ्याल्या आणि अर्धे पद देवोन बसल्या. धैर्यशील मात्र म्हणाला, "आणि कुणी नाहीच मागितलं तर, बाई?" बाई म्हणाल्या, "मागतील रे. मुलं ठेवलीयत ना."

प्रयोगाचा दिवस उगवला. सांज होतांच टेकडीखाली हलगी वाजूं लागली, आणि पाहतात तो वस्तादांची सारी तालीम टेम्पो भरोन आली आहे. भगवे पटके, कान चुरगळलेले पैलवान, हार, गुलाल, आणि एक तुतारी. तिन्ही अधिपतींनी तुतारी पाहिली आणि एकमेकांकडे पाहिले नाही. टेम्पो फाटकाशी उभा केला, त्याची मागली फळी उघडीच ठेविली. चारुशीलाबाईंनी विंगेतून ती फळी पाहिली, आणि तेथे ट्रंक मावेल इतकी जागा आहे हेही पाहिले. पैलवान सभागृहात शिरले आणि जेथे मोकळी जागा दिसली तेथे बसले. मोकळी जागा ती पेरलेल्या मुलांच्या आजूबाजूची. एकेका मुलाचे दोहीं अंगांस दोन दोन पैलवान, ऐसी व्यवस्था आपोआप जाहली. मुले त्या दंडांमध्ये अशी बसली की श्वास घेण्यासही परवानगी मागावी.

पडदा गेला. सैनिक आले, राणीस नेले, टाळ्या जाहल्या. मग राजा फिलार्गो निघाला. रुंद अंगरखा, काथ्याचा टोप खांद्यावर उतरलेला, कमरेस तरवार. तुतारी वाजली. "आला रं आला! वस्तादाचा वाघ आला!" म्हणोन आरोळी उठली, शिट्या पडल्या, वस्तादांनी मिशांवर हात फिरविला. वरोन ढग निघाला, त्यावर देवी जाहलेली ईशानी बसलेली. पेटीने सूर धरिला. राजाने तोंड उघडिले.

तो काय सांगावे! बाण लागावा आणि रक्त निघावयास क्षण लागावा, तैसी सभा एक क्षण तैसीच राहिली. तुतारीवाल्याचे गाल फुगलेले होते ते फुगलेलेच. एका पैलवानाचे तोंडांतला शेंगदाणा जिभेवर राहिला. मागील भिंतीवर पडद्यावर फिरंगी पदाच्या अर्थाची अक्षरे उमटली, "ये, दार उघडे आहे, दिवा विझविला नाही," आणि तो विहिरीतल्या वाऱ्यासारखा सूर पहिल्या रांगेपासोन शेवटल्या रांगेपर्यंत गेला आणि भिंतीस लागोन परत आला. वस्तादांचा मिशांवरचा हात मिशांवरच. ते राजाकडे पाहात, मग राजाचे मागे पाहात, मग विंगेकडे पाहात. मधला भाग जाहला. "माझा आवाज तुझ्यापर्यंत येत नसेल तर मी राजा कशाचा," ऐसी अक्षरे उमटली आणि विझली. आणि ठरल्याप्रमाणे राजा उगा राहिला. पेटीवाल्याने हात मांडीवर घेतले.

आता वन्समोर यावयाचा. तो आला नाही. गुणाजीरावांनी पहिल्या रांगेतून मागे वळोन भुवयांनी इशारा केला. पेरलेली मुले आपल्या गुडघ्यांकडे पाहूं लागली. इशारा पुन्हा केला, ओठांनी "वन्समोर" म्हणोनही दाखविले. एकाने ओठ उघडिले, शेजारचा पैलवान हालला, ओठ मिटले. देवीचा ढग अर्ध्यावर थबकला, कारण राजाने हाक पुरी केल्याविना दोरी सोडूं नये ऐसे दोरीवाल्यास सांगितले होते. ईशानी वर लोंबत राहिली, एक पाय सरळ, एक वाकडा. टोपाखालून घाम निघोन धैर्यशीलाचे गालावर आला; तो पुसतां येईना, कारण राजा उगा उभा आहे. त्याने विंगेत बाईंकडे पाहिले. त्या नजरेत "मी विचारलं होतं ना, बाई," एवढे स्पष्ट होते.

मग वस्ताद उभे राहिले. त्यांस राग आला नव्हता. विस्मयाने त्यांचे तोंड लहान मुलासारखे जाहले होते. ते मोठ्याने म्हणाले, "पोराच्या मागनं कोण बाई गातीया? म्होरं या म्हणावं तिला." गुणाजीराव उठले, "वस्ताद, ती... म्हणजे तो... ही एक शैली आहे..." आणि बसले. सुनंदाबाई म्हणाल्या, "निळा..." आणि त्याही राहिल्या. चारुशीलाबाई विंगेतून चालत रंगमंचावर उजेडात आल्या. तोंड उघडिले. इतके दिवस जो शब्द दातांआड कोंडला होता तो जिभेच्या टोकावर आला, आणि त्यांचे तोंडून निघाले ते, "वरच्या... वस्ताद, ते वरच्या..." पुढे काही निघेना. मुलास वाचविण्यास आपण आलो आणि रिकाम्या हातांनी उभ्या आहों, ऐसे त्यांस जाहले, आणि उजेड इतका की पळतांही येईना.

तेव्हां वस्तादांचे शेजारची खुर्ची वाजली. अक्काताई उठल्या. डोईवरचा पदर मागे घसरला तो त्यांनी तैसाच राहूं दिला.

"बाई कुनी न्हाई मागं," त्या म्हणाल्या. "आपला धैर्याच गातोय. बायकी आवाज हाय त्याचा."

तो शब्द पडला, आणि तिन्ही दौलतींनी एकदम अंग आखडले. पैलवानांच्या रांगेतून "आई गं" ऐसा उसासा आला.

"बायकी हाय," अक्काताई पुन्हा म्हणाल्या, कोणास ऐकू गेले नसेल म्हणोन. "माझ्यावर गेलाय."

वस्ताद वळले. राजास विसरले, सभेस विसरले, आणि बायकोकडे असे पाहूं लागले जणू घरांत एक खोली होती आणि तिचे दार त्यांस आजवर दिसले नव्हते. हळू म्हणाले, "तू? तू कवा गातीस?"

"रोज," अक्काताई म्हणाल्या. "तुमी गोठ्यात येईस्तवर."

वस्ताद खाली बसले. पटका काढिला आणि मांडीवर घेतला, जैसे देवळांत घेतात.

अक्काताई मात्र उभ्याच. त्या रंगमंचाकडे पाहोन म्हणाल्या, "धैर्या, हुबा का ऱ्हायलास? गाणं अर्धं ऱ्हायलंय ते." मग चारुशीलाबाईंस म्हणाल्या, "मागावं लागतंय व्हय तुमच्यात? काय म्हणत्यात त्याला? वन्समोर. तर वन्समोर."

येणेप्रमाणे पद मुळापासोन पुन्हा जाहले, मागितले म्हणोन जाहले, आणि देवी खाली उतरली. टेम्पो जैसा आला तैसा ट्रंकेवाचून परत गेला; मागे फळीवर अक्काताई बसल्या होत्या आणि वस्तादांनी तुतारी वाजवूं दिली नाही, हिचे ऐकावयाचे आहे म्हणाले. तीन विद्येच्या दौलतींस जो शब्द उच्चारवेना तो गोठ्यांतल्या आवाजाने उच्चारिला. हकीकत इतकीच, पडदा पडला ऐसे समजावे.